सोशिक मासा कोणता?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, कायद्यावर बोलावे. त्याने माशांवर काय म्हणून बोलावे? माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे थोडेबहुत कळते ते वाचून आणि चुका करून कळलेले आहे, आणि माशांच्या बाबतीत तर वाचन कमी व चुकाच अधिक. तेव्हा मी येथे तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर आधी बरेच मासे मारून मग शहाणा झालेला एक माणूस म्हणून उभा आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण ऐकावे.

1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. तेव्हापासून शाळेच्या सहलीतून मुले तेथे जात आणि घरी येऊन काचेच्या टाकीसाठी हट्ट धरीत. आता टाकी ही काही श्रीमंतांची चीज राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या घरातही ती दिसते. अशी टाकी प्रथमच घेणारा माणूस दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लवकर मरणार नाहीत असे मासे कोणते?" दुकानदार एका टाकीकडे बोट दाखवतो. मासे पिशवीतून घरी जातात. आठ दिवस घरात सण असतो. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक मासा पालथा पडू लागतो. पोर रडते, आई म्हणते की पुन्हा हा उपद्व्याप नको, आणि बाप म्हणतो, "आपल्या हाताला यशच नाही."

एका कारखान्याला टाळे लागल्यावर आमच्यातल्या एका कामगाराने हाती आलेल्या पैशांतून शोभेच्या माशांचे लहानसे दुकान टाकले होते. एकदा मी त्याला विचारले, "काय रे, धंदा कसा चाललाय?" तो म्हणाला, "भाऊ, खरं सांगू का? मासे जगले असते तर माझं दुकान कधीच बसलं असतं. मेले की माणूस परत येतो." मग थोडे थांबून म्हणाला, "पण तिसऱ्यांदा मेले की येत नाही." त्या दोन वाक्यांत या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आले. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही. गिऱ्हाईक विचारील ते तो विकत होता. दोष असेल तर तो आपल्या प्रश्नात आहे. "न मरणारा मासा कोणता?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "माझ्या घरच्या पाण्यात कोणता मासा सुखाने राहील?" असे विचारायला हवे. हा फरक शब्दांचा वाटेल, पण माशांचे जगणे-मरणे त्याच्यावर ठरते.

आता नव्या टाकीत मासे मरतात कशाने, ते आधी पाहू. मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले अन्न कुजते, त्याचाही अमोनियाच होतो. नदीत वा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. आपल्या टाकीत तो जाणार कोठे? सुदैवाने निसर्गात असे जिवाणू आहेत की जे अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि दुसरे असे की जे नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. अमोनिया हे जहाल विष. ते कल्ले जाळते. नायट्राइटही विषच, ते रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते.

मेख अशी की, हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाळूवर, दगडांवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण पहिल्याच दिवशी दहा मासे सोडतो, तेव्हा कचरा करणारे दहा आले, आणि तो उचलणारा एकही नाही, अशी स्थिती असते. पाणी वरून स्वच्छ, काचेसारखे दिसते. विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दुसरा-तिसरा आठवडा घातक. हाताला यश नसणे वगैरे काही नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा टाकी करणाऱ्यांनाही ठेच लागूनच कळली. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे बारा गॅलन पाण्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. त्या कुजकी पाने खाऊ लागल्या आणि पाणी निवळले. मासा ठेवायचा म्हणजे एक छोटे गावच वसवायचे असते, आणि गावात सफाईची व्यवस्था आधी लागते.

तेव्हा टाकी आणल्यावर पहिला महिनाभर मासे आणू नयेत. टाकी निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. तिच्यात पन्नासेक लिटर पाणी मावते. लहान टाकी सोपी, हा भ्रम आहे. पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते आणि लवकर तापते. भरलेल्या टाकीचे वजन दोन पोरे स्टुलावर उभी राहावीत एवढे होते, म्हणून बूड भक्कम हवे. वाळू धुऊन घालावी, फिल्टर चालू करावा आणि रोज चिमूटभर माशांचे अन्न रिकाम्या पाण्यात टाकावे. त्याच्या कुजण्यातून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. शेजाऱ्याकडे निरोगी, मुरलेली टाकी असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मागून आणावा. दह्याला विरजण लावतो तसेच हे विरजण आहे. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याची छोटी साधने दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आले की घर तयार झाले.

आता सोशिक या शब्दाकडे येतो. आपण सोशिक म्हणतो तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. कोणी मासा उष्णतेला सोशिक असतो, कोणी थंडीला. कोणी कमी प्राणवायूला, तर कोणी जड पाण्याला. एक मासा चारही गोष्टी सोसतो असे क्वचितच घडते. आणि सोसण्याचे हे बळ तो कोठून आणतो? त्याच्या मूळच्या पाण्यातून. ज्या पाण्यात त्याच्या हजारो पिढ्या वाढल्या त्या पाण्याने त्याला जे शिकवले, तेच त्याला येते.

झेब्रा डॅनिओ या माशाचेच उदाहरण घ्या. अंगावर निळ्या रेघा असलेला हा चार-पाच सेंटिमीटरचा मासा आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात 1822 साली त्याचे वर्णन केले. उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या संथ ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेच्या उथळ पाण्यात तो राहतो. ते पाणी हिवाळ्यात गार पडते, उन्हाळ्यात तापते, पावसाळ्यात गढूळ होते. हे सारे तो मुळातच पाहून आलेला आहे. म्हणून तो आपल्या दिवाणखान्यात टिकतो. जगभरच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम झाले आहे. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना याच्या अंगी जोड सापडते, असे 2013 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दिसून आले. मात्र हा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटादुकटा ठेवला तर तो घाबरट होतो किंवा इतरांच्या मागे लागतो. निदान सहा तरी असावेत, आणि टाकीवर झाकण असावे, कारण त्याला उडी मारण्याची सवय आहे.

याउलट गोल्डफिश पाहा. सोशिकपणाबद्दल त्याची सर्वांत मोठी ख्याती, आणि सर्वांत जास्त हाल त्याचेच. चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ माणसाने तो जोपासला. तो थंड पाण्याचा मासा आहे. नीट ठेवला तर वीतभर नव्हे, त्याहूनही मोठा होतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत मिळालेला एक गोल्डफिश 1999 साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन मेला. आपल्याकडे तो गोल बरणीत तीन आठवडे जगला तरी आपण समाधान मानतो! त्याच्या अंगी एक विलक्षण शक्ती आहे. गार पाण्यात प्राणवायू अगदी संपत आला, तर तो शरीरात साठणाऱ्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि तग धरतो. बर्फाखालच्या तळ्यांत हिवाळा काढणाऱ्या कुळाचा हा वारसा आहे. पण ही संकटकाळची सोय आहे, रोजचे जगणे नव्हे. बरणीतला गोल्डफिश आठवडेच्या आठवडे वर तोंड करून हवा गिळत असतो, आणि आपण म्हणतो, पाहा कसा टिकला!

श्रोतेहो, येथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. "आमची माणसे फार सोशिक आहेत हो," असे कौतुक मी अनेक व्यवस्थापकांच्या तोंडून ऐकले आहे. ज्या खात्यात पंखा नाही, धुरांडे तुंबलेले आहे, त्याच खात्याबद्दल हे कौतुक हटकून ऐकू येई. मरत नाही याचा अर्थ बरे चालले आहे असा नव्हे. माणसाच्या बाबतीत हे आम्हांला कळायला पुष्कळ वर्षे लागली. आणि मला स्वतःला माशाच्या बाबतीत कळायला त्याहून जास्त लागली, कारण आमच्या युनियनच्या कचेरीतल्या टेबलावर गोल्डफिशची बरणी मीच ठेवली होती.

असो. आता आपल्याकडचे पाणी आणि त्याला मानवणारे मासे यांची सांगड घालू.

मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येते, पुण्याचे खडकवासल्याकडून. हे पावसाचे साठवलेले पाणी, म्हणून ते बहुतांशी हलके असते. साबणाला चटकन फेस येतो. अशा पाण्यात झेब्रा डॅनिओ उत्तम. त्याच्या जोडीला हनी गुरामी घ्यावा. हाही आपल्याच पूर्व भारताचा, मधाच्या रंगाचा, शांत स्वभावाचा आणि पाचएक सेंटिमीटरचा. तीन फुटी टाकी असेल तर रोझी बार्बचा कळप ठेवता येतो. तोही देशीच आहे आणि थोडी थंडी त्याला बाधत नाही.

जेथे विंधनविहिरीचे पाणी वापरतात, नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमतात, डाळ लवकर शिजत नाही, तेथले पाणी जड. तेथे गप्पी, प्लॅटी, मोली हे पिल्ले घालणारे मासे घ्यावेत. क्षारांचे पाणी त्यांना मानवते. गप्पी हे नाव रॉबर्ट गप्पी या गृहस्थांवरून पडले. त्यांनी त्रिनिदादहून पाठवलेल्या नमुन्यांवरून 1866 साली लंडनमध्ये या माशाला ते नाव मिळाले. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्या नगरपालिका त्याला हौदांत आणि गटारांत सोडत आल्या आहेत. पण एक फरक ध्यानात ठेवा. गटारातली साधी, करड्या रंगाची गप्पी खरोखर चिवट असते. दुकानातली पंख्यासारख्या शेपटीची रंगीत गप्पी तिच्याच जातीची असली तरी रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली. ती नाजूक निघते. शिवाय गप्पीची मादी दर महिन्याला पिल्ले घालते, आणि नर नसला तरी साठवलेल्या बीजावर काही महिने घालतच राहते. नवशिक्याने नुसते पाच-सहा नर घ्यावेत. नाहीतर सहा महिन्यांत टाकीची चाळ होते.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील गोष्ट आणखी वेगळी. वैशाखात घरातल्या टाकीचे पाणीही तीस अंशांच्या वर जाते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी राहतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच. त्यात वीज गेली, फिल्टर थांबला की मासे वर येऊन धापा टाकू लागतात. अशा ठिकाणी गुरामी आणि फायटर कामाला येतात. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्यांचे इंद्रिय असते. पृष्ठभागावर येऊन ते थेट आपल्यासारखी हवा घेतात. मात्र फायटरचा हा गुणच त्याच्या मुळावर आला. हवा घेऊन जगतो म्हणून दुकानात तो पेल्याएवढ्या भांड्यात ठेवतात आणि लोकही घरी तसाच ठेवतात. त्याला निदान पंधरा लिटर पाणी द्यावे, टाकीत तो एकच नर असावा, आणि पुण्या-नाशकाच्या थंडीत पाणी चोवीस अंशांखाली जाऊ नये म्हणून हीटर लावावा.

काय घ्यावे हे सांगितले; काय घेऊ नये हेही सांगायला हवे, कारण फसवणूक तेथेच होते. "शार्क" म्हणून चांदीसारखी बोटभर पिल्ले विकतात. तो शार्क नव्हे. तो पंगस, तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात तो, मीटरभराहून लांब होणारा. ऑस्करचे पिल्लू गोजिरवाणे दिसते. ते फूटभर होते आणि शेजाऱ्यांना गिळते. "टाकी साफ करतो" म्हणून जो सकर मासा गळ्यात मारतात तो शेवाळ खातो खरा, पण इतरांची घाण खात नाही. उलट स्वतः भरपूर करतो आणि फूटभर वाढतो. निऑन टेट्रा फार सुंदर, पण नव्या टाकीत तो तग धरत नाही, वर्षभराने पाहावा. "मिस केरळ" नावाचा लाल पट्ट्याचा मासा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या वाहत्या ओढ्यांतला. त्याची संख्या घटून तो धोक्यातल्या जातींत गेला आहे. त्याला त्याच्या ओढ्यात राहू द्यावे. आणि काचेसारख्या पारदर्शक माशांच्या अंगात सुईने रंग टोचून ते विकतात, ते तर कोणीही घेऊ नयेत. तो रंग उडतो आणि सुईची जखम मात्र राहते.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. ज्या टाकीत एकही मेलेला मासा असेल तिच्यातला मासा घेऊ नका. कल्ले जोराने हलणारा, पंख मिटून कोपऱ्यात बसलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असलेला मासा टाळा. दुकानदाराला खाऊ घालायला सांगा. जो धावून खातो तो घ्या. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्या, मग टाकीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घाला आणि शेवटी मासा तेवढा जाळीने टाकीत सोडा. दुकानचे पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या खेपेला सहा डॅनिओ पुरेत. तीन-चार आठवडे सारे ठीक चालले तर मग गुरामीची जोडी.

त्यापुढची कामे थोडीच आहेत. खाणे दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि दोन मिनिटांत संपेल तेवढेच. उपाशी मेलेल्या माशांपेक्षा मायेने जास्त खाऊ घालून मारलेले मासे किती तरी अधिक असतात. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन घातलेला असतो, तो माशांना आणि आपल्या जिवाणूंनाही मारतो. म्हणून ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरिन मारण्याचे औषध घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधी धुऊ नये; टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. सारी टाकी रिकामी करून घासूनपुसून लख्ख करण्याची आपल्या गृहिणींना, आणि मलाही, फार हौस असते. तशी सफाई केली की वसलेले गाव उठते आणि पुन्हा पहिल्यापासून मासे मरू लागतात.

आणखी एकच विनंती. मासे नकोसे झाले तर नदीत, विहिरीत, तळ्यात सोडून पुण्य मिळवू नका. असेच सोडलेले सकर मासे आज महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या नद्या-जलाशयांत माजले आहेत. त्यांचे काटेरी अंग मच्छिमारांची जाळी फाडते आणि त्यांना बाजारात कोणी विचारीत नाही. आपल्या दिवाणखान्यातली दया दुसऱ्याच्या पोटावर पाय देते. मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

आमच्या कचेरीतली बरणी केव्हाच गेली. आता तेथे दोन फुटी टाकी आहे, तिच्यात सहा डॅनिओ आणि दोन गुरामी. त्यांचे तिसरे वर्ष चालू आहे. वाटाघाटींहून रात्री उशिरा परत आलेले कामगार तिच्यासमोर चहा पितात. एकाने मागे मला विचारले, "भाऊ, हे मासे फार सोशिक दिसतात. कुठून आणले?" मी म्हणालो, "सोशिक नाहीत रे. त्यांना इथे सोसावंच लागत नाही."